तेरेखोलच्या अल्याड-पल्याड

रायपूरकरांना समुद्र कुठल्याही दिशेने दूरच. पुरी किंवा विशाखापट्टणम गाठायचे तरी रात्रभराची रेल्वे. कोकण आणि गोवा म्हणजे तर अर्धा देश आडवा पार करायचा. एवढ्या लांब जायचे म्हटले की आपण चार दिवसांचे पॅकेज घेतो. कळंगुट, बागा, दूधसागर, मंगेशी, शांतादुर्गा, संध्याकाळी मांडवीतली बोट, आणि परत. त्यात चूक काही नाही. पण त्याच गोव्याच्या उत्तर टोकाला एक दिवस असा काढता येतो, की ज्यात गाडी कमी आणि पाय जास्त लागतात, आणि जेवणाच्या ताटात काय आले, कुठून आले, हे आधी डोळ्यांनी पाहायला मिळते.

हा दिवस आहे पेडणे तालुक्यातल्या हरमलपासून केरीपर्यंत समुद्राच्या कडेने चालण्याचा, तिथून फेरीबोटीने तेरेखोल नदी ओलांडण्याचा आणि पलीकडे महाराष्ट्रातल्या शिरोड्यात मासळीचे जेवण जेवण्याचा. मधल्या वाटेवर काजूच्या बोंडूंची भाटी लागते. यंदा मार्चमध्ये आम्ही चौघे गेलो होतो: आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. सोबत हरमलच्या बाजूचे एक काका होते. मासेमारी हा त्यांचा घरचा धंदा, आणि हंगामात ते पाहुण्यांना ही वाट दाखवतात.

वाट कशी आहे

हरमलच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला वाळू संपते आणि खडक सुरू होतात. खडकांच्या कडेने एक अरुंद पायवाट जाते. सकाळी साडेसहाला तिथली दुकाने बंद असतात, त्यामुळे उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला पाणी आणि मधे आपण, एवढेच. थोडे चालले की एक छोटी पुळण येते आणि तिच्या मागेच गोड्या पाण्याचे तळे. समुद्र आणि तळे यांच्या मधे वाळूचा एक पट्टा, बस्स. आईला हे खरेच वाटेना. तिने तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावून पाहिले, मग समाधान झाले.

तळ्यापासून पुढे चढ लागतो. वर पोहोचलो की सडा. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या सपाट माथ्याला सडा म्हणतात. मार्चमध्ये तो कोरडा, तांबूस आणि उजाड दिसतो. पण पावसाळ्याच्या शेवटी कोकणातल्या अशाच सड्यांवर सीतेची आसवे आणि गेंद यांसारखी इवलीशी फुले गालिच्यासारखी पसरतात. जांभ्यात माती जेमतेम असते, त्यामुळे मोठे झाड तिथे तग धरत नाही आणि या छोट्या वनस्पतींना जागा मिळते. बाहेरच्या माणसाला जी जमीन पडीक वाटते, तिच्यात असे बरेच काही दडलेले असते.

सड्यावरून उत्तरेला पाहिले की केरीचा लांबलचक किनारा, त्याच्या मागे सुरूची झाडे, पुढे तेरेखोल नदीचे मुख आणि पलीकडच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला, असे सगळे एका नजरेत येते. दिवसभराची वाट तिथेच समजते. मग उतार, आणि उतारानंतर केरीची वाळू. हरमल ते केरीचा धक्का हे अंतर थांबत, बघत चालले तर तीन तासांचे. साठीच्या बाबांना ते जमले. फक्त सड्यावरचा चढ-उतार सावकाश करावा आणि चपला न घालता बूट घालावेत.

भरती-ओहोटीचे गणित

वाट एवढी सोपी, मग सोबत माणूस कशाला, असा प्रश्न भावाला पडला होता. त्याचे उत्तर पहिल्याच अर्ध्या तासात मिळाले. खडकांपाशी तो फोटो काढत रेंगाळला तेव्हा काका म्हणाले, "बेगीन चला, भरती येता." आम्हाला पाणी होते तिथेच दिसत होते. वीस मिनिटांनी मागे पाहिले तर तो ज्या खडकावर उभा होता त्याच्यावर लाटा फुटत होत्या.

दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास फरक कमी असतो, त्याला भांग म्हणतात. किनाऱ्यावरचा माणूस तिथी पाहून पाण्याची वेळ सांगतो. आपल्याकडे पंचांग मुहूर्तासाठी उघडतात, इथे ते मासळीसाठीही कामाला येते.

ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर दोन बायका वाकून काम करत होत्या. हातातल्या लोखंडी हत्याराने त्या कालवे फोडून आतला गर काढत होत्या. कालव खडकाला घट्ट चिकटून वाढते, त्यामुळे ते काढणे म्हणजे एकेक कवच फोडणे. आईने विचारले, "ताई, एवढी वाटी भरायला किती वेळ लागतो?" त्यातली एक हसून म्हणाली, "पाणी चढेपर्यंत." म्हणजे समुद्र जेवढी सवड देईल तेवढीच मजुरी.

केरीच्या वाळूवर रापणीची जाळी वाळत घातलेली होती. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धगोल सोडलेले लांब जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचे. एकट्यादुकट्याचे हे काम नाही, वीस-पंचवीस माणसे लागतात. जो दोर ओढायला हात लावतो त्याला वाटा मिळतो, अशी जुनी रीत. यांत्रिक बोटींनी खोल पाण्यातली मासळी आधीच उचलल्यावर काठाजवळ येणारी कमी होते, आणि रापण ओढायला तरुण हातही मिळत नाहीत. काकांचा मुलगा हॉटेलात नोकरी करतो. "पगार महिन्याला येतो," ते म्हणाले, "समुद्राचा भरवसा नाही." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण पुढची पिढी पाण्यात उतरणार नाही हे त्यांनी मनाशी मान्य केलेले दिसले.

बोंडू, नीरो, हुर्राक, फेणी

केरी गावाच्या बाजूला थोडे आत वळलो तर वाऱ्यावर एक उग्र, गोडसर, आंबूस वास आला. रायपूरच्या मुलीला हा वास अनोळखी नव्हता. एप्रिलमध्ये बस्तरच्या रस्त्याने जाताना मोहाच्या झाडाखाली येतो, त्याच्या जवळचाच.

काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते इथे आणले. आपण जो काजू खातो तो बीच्या आतला गर. बी ज्या लाल-पिवळ्या रसाळ भागाला लटकते तो बोंडू. खरे तर बोंडू म्हणजे फुगलेला देठ, वनस्पतिशास्त्राच्या भाषेत फळ म्हणजे ती बी. पण बोंडू बीपेक्षा कितीतरी पट जड असतो, आणि गळून पडल्यावर दिवसभरातच खराब होऊ लागतो. त्यामुळे तो लांबच्या बाजारात पाठवता येत नाही. जिथे पडला तिथेच त्याचे काही करावे लागते.

गोव्याने त्याचे काय केले ते भाटीवर दिसले. आपोआप गळलेले, पिकलेले बोंडू सकाळी गोळा करतात, बी पिळून वेगळी करतात आणि बोंडू कुंडात टाकून पायांनी तुडवतात. आता काही ठिकाणी यंत्रही आले आहे. पहिला रस निघून गेल्यावर उरलेल्या चोथ्याचा गोळा बांधून त्यावर जड दगड ठेवतात. रात्रभर त्यातून जो स्वच्छ रस थेंबथेंब गळतो तो नीरो. नीरोत नशा नसते. थंडगार पेला आईच्या हाती दिला तेव्हा ती आधी बिचकली, मग दुसरा मागितला. चव गोड, जरा घशाला धरणारी.

पहिला रस दोन-तीन दिवस आंबवून भांड्यात उकळला की निघतो हुर्राक. तो सौम्य असतो आणि मार्च ते मेपुरताच मिळतो, टिकत नाही. हुर्राक पुन्हा आंबलेल्या रसासोबत गाळला की फेणी. ती कडक आणि वर्षानुवर्षे टिकणारी. बाबांनी हुर्राक तिथल्या पद्धतीने घेतला, लिंबाचा सोडा, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून. मी एक घोट घेतला. वास दचकवणारा होता, चव मात्र फळाची होती.

भाटीवाल्या आजोबांचे हात बोंडूच्या रसाने काळे पडले होते. ते म्हणाले, "हे काम तीन महिन्यांचे, पण त्या तीन महिन्यांत रात्री झोप नाही." आग कमी झाली तर धार थांबते, जास्त झाली तर जळका वास येतो. एवढी मेहनत करूनही पूर्वी फेणीला 'गावठी' म्हणून नाके मुरडली जात. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. कागदावरच्या या दोन ओळींनी आजोबांच्या रात्रीच्या झोपेत फरक पडलेला नाही. पण आता पाहुणे भाटी पाहायला येतात, पैसे देऊन बाटली विकत नेतात, आणि ते आपल्या कामाबद्दल मान वर करून बोलतात. हे थोडे नाही.

नदी ओलांडताना

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट तेरेखोलला जाते. पायी माणसांना तिकीट नाही, गाडीही चढवता येते. आमची गाडी ड्रायव्हरने वळसा घालून धक्क्यावर आणून ठेवली होती. दहा मिनिटांत पलीकडे. ही नदी सह्याद्रीतून येते, वर तिला बांद्याची नदी म्हणतात. ती गोवा आणि महाराष्ट्र यांच्यातली सीमा, पण तेरेखोल गाव नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात आहे.

कारण किल्ला. सावंतवाडीच्या सावंतांनी सतराव्या शतकात तो बांधला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि तेव्हापासून टेकडीएवढा तुकडा नदीपलीकडे राहूनही गोव्याचा झाला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या सत्याग्रहींनी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकवला. नंतर त्यांना पोर्तुगिजांनी पकडले. गोवा मुक्त व्हायला त्यानंतर सात वर्षे लागली, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत. किल्ल्यात छोटे चर्च आहे. अनेक वर्षे किल्ल्याचा हॉटेल म्हणून वापर होत आला आहे, त्यामुळे आत कुठवर जाता येईल हे तिथे विचारून घ्यावे. तटाजवळून मात्र सकाळी चाललेली सगळी वाट उलट्या बाजूने दिसते.

याच टेकडीवर गोल्फ मैदान असलेले आलिशान रिसॉर्ट उभारण्याचा प्रस्ताव आला तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला होता. टेकडीवर काजूच्या बागा आहेत, त्यावर घरे चालतात. पाहुणे यावेत असे त्यांनाही वाटतेच. पाहुण्यांसाठी झाडे जाऊ नयेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

पल्याडचे झाड

तेरेखोलहून गाडीने निघालो की काही मिनिटांत रेडी, आणि आपण सिंधुदुर्ग जिल्ह्यात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच तांबडी माती, तीच काजूची झाडे. फरक एकच होता. इथे झाडांखाली बोंडूंचा सडा पडलेला होता, बिया काढून घेतलेल्या आणि बोंडू तसेच कुजत टाकलेले. त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या.

वेंगुर्ल्याचा काजूगर नावाजलेला, त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती कोकणभर लावल्या जातात. म्हणजे नदीच्या या बाजूला बीचा मान, त्या बाजूला बोंडूचाही. गोव्यात परवाना घेऊन हंगामापुरती भाटी लावता येते. इकडे ती सोय रुजली नाही. काही घरगुती उद्योग बोंडूचे सरबत आणि सिरप करतात, पण बागांत पडणाऱ्या ढिगापुढे ते थोडेच. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये काजूबोंडे आणि मोहफुले यांच्यापासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून बाहेर काढण्याचा निर्णय घेतला होता. आम्ही पाहिलेल्या बागांतले बोंडू मात्र झाडाखालीच होते. दहा मिनिटांच्या फेरीबोटीने एका फळाचे नशीब एवढे बदलते.

शिरोड्याचे ताट

शिरोडा हे नाव मराठी वाचकाला वि. स. खांडेकरांमुळे ठाऊक असते. १९२० पासून अठरा वर्षे ते इथल्या शाळेत शिक्षक होते. १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरे आजही आहेत, आणि जेवणाआधी ती पाहून घ्यावीत. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटवायचे आणि मीठ ओढून ढीग करायचे. सकाळी ज्या भरतीने आम्हाला पळवले, ती इथे कामाला लावलेली होती.

खानावळीत ताट आले ते असे: तळलेला बांगडा, तिसऱ्यांचे सुके, सुरमईची आमटी, भात, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. बांगड्याच्या कालवणात तिरफळ घालतात, आमटीला कोकमाचा आंबटपणा असतो. वाढणाऱ्या काकींनी बाबांना विचारले, "तुमच्याकडे कुठली मासळी खातात?" बाबा म्हणाले, "रोहू, कतला. तळ्यातली." काकी थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "गोड्या पाण्यातली म्हणजे काटे फार." मग त्यांनी आईला तिसऱ्या शिंपीतून कशा खायच्या ते दाखवले. शिंपीचाच चमचा करायचा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, कारण तो बऱ्याच माशांचा विणीचा काळ. त्या दिवसांत ताटात सुकी मासळी येते. "पावसात ताजी सुरमई मागणाऱ्याला आम्ही सुका बांगडा देतो," काकी हसत म्हणाल्या.

आपल्याकडचे झाड

परतीच्या रेल्वेत, गोंदिया मागे पडल्यावर, खिडकीबाहेर मोहाची झाडे दिसू लागली. छत्तीसगडमध्ये मार्च-एप्रिलच्या पहाटे अख्खी कुटुंबे टोपल्या घेऊन मोहाची फुले वेचायला जातात. फुले वाळवतात, विकतात, त्यांचे लाडू करतात, आणि दारूही गाळतात. आदिवासी कुटुंबांना घरगुती वापरासाठी ठरावीक प्रमाणात ती ठेवायची मुभा आहे. बस्तरमध्ये सल्फीच्या झाडाचा रस पितात. कोकणात तेच झाड भेरली माड म्हणून ओळखले जाते. मासेही आहेत, चापड्याची आंबट चटणीही आहे. कांगेर खोऱ्यात तिरथगडचा धबधबा, कुटुमसरची गुहा आणि जंगलातून चालायच्या वाटाही आहेत. तिथल्या धुडमारास गावाची २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने उत्तम पर्यटन गावांच्या उपक्रमात निवड केली. गावातले तरुण कांगेर नदीत बांबूच्या तराफ्यावरून पाहुण्यांना फिरवतात.

तरीही रायपूरच्या मध्यमवर्गीय घरात 'महुआ' हा शब्द दबक्या आवाजातच येतो. फेणीची बाटली आपण भेट म्हणून आणतो, कपाटात मिरवतो. मोहाच्या बाटलीचे तसे होत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्याला 'हेरिटेज' म्हणून बाजारात आणायचे धोरण आखले, हा मार्ग कुठवर जातो ते दिसेलच. दारू प्यावी की नाही हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न, आणि दारूने मोडलेली घरे आपल्याकडेही आहेत, गोव्यातही. प्रश्न प्यायचा नाही, नजरेचा आहे. पहाटे चारला उठून फुले वेचणाऱ्या बाईचे काम आणि रात्रभर भाटीची आग सांभाळणाऱ्या आजोबांचे काम सारख्याच कष्टाचे आहे. एकाला आपण वारसा म्हणतो, दुसऱ्याकडे बघतही नाही.

जायचे असेल तर

कधी: बोंडू आणि हुर्राकसाठी मार्च-एप्रिल. सड्यावरच्या फुलांसाठी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, पण तेव्हा वाट निसरडी असते. नुसते चालायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

कसे: रायपूरहून रेल्वेने मुंबई, पुढे कोकण रेल्वेने पेडणे किंवा थिवी. विमानाने जायचे तर मोपाचा विमानतळ पेडणे तालुक्यातच आहे.

काय न्यावे: प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट, आणि आपला कचरा परत आणायला पिशवी. केरीला प्रवाहाची ओढ जोरदार असते, जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या बाहेर पोहू नये.

लहान मुले सोबत असतील तर: खडकांची वाट सोडून केरीपासून सुरुवात करा. फेरीबोट, नीरो आणि मिठागरे मुलांना खूप आवडतात. गोव्यात मद्य घ्यायचे कायदेशीर वय २१ आहे, आणि गाडी चालवणाऱ्याने सोलकढीवरच थांबावे.

आणि सोबत गावचा माणूस घ्या. त्याची मजुरी ठरवताना घासाघीस करू नका. पाणी कधी चढेल हे मोबाइलही सांगतो, पण कुठल्या खडकावरून कधी उतरायचे हे त्यालाच ठाऊक असते.